घाऊक लिहिणाऱ्यांची बाजू

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत झाडीपट्टी रंगभूमीवर, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांवर, लेख आला तो वाचला. फोटो छान होते, गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्यांच्या ऑफिसांचे बोर्ड तर मस्तच, पण मजकुरातली एक गोष्ट काही पचली नाही. लेखक महाशयांचं म्हणणं असं की इथले नाटककार सीझनला नाटकं पाडतात, एक कंपनीच्या हातात दिलं की लगेच दुसरं सुरू, सगळ्यात तेच रडं, तेच कॉमेडी पात्र, तीच शेवटच्या अंकातली ओळख पटणं, आणि अशा माणसांना नाटककार म्हणायचं का हा प्रश्नच आहे. पुढे त्यांनी पाश्चात्त्य रंगभूमीचा दाखला दिला की तिकडे कसं एकेक नाटक वर्षानुवर्षं घासून लिहितात वगैरे. आता पाश्चात्त्य म्हटलंच आहे तर मलाही दोन शब्द लिहू द्या, कारण तिकडच्याच एका घाऊक लिहिणाऱ्या माणसाचं नाव त्या लेखात यायला हवं होतं आणि ते आलं नाही.

युजेन स्क्रीब, फ्रेंच नाटककार. जन्म पॅरिस, २४ डिसेंबर १७९१, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांती ऐन धगधगत असताना. बापाचं रेशमी कापडाचं दुकान होतं रू सँ-दनी नावाच्या बाजाराच्या रस्त्यावर, दुकानाचं नाव काळं मांजर. बाप लवकर गेला. पोराला वकील करायचं घरच्यांनी ठरवलं होतं, पण हा कायद्याची पुस्तकं उघडून बसायचा आणि नाटकाच्या नादी लागायचा, आपल्याकडे काय वेगळं होते हो, धरमपेठेतली निम्मी हौशी नटमंडळी अशीच बी.ए.च्या पुस्तकाखाली स्क्रिप्ट ठेवून वाढली. सुरुवातीची नाटकं पडली, १८११ पासून पुढची चार-एक वर्षं नुसती पडतच होती. मग १८१५ मध्ये नॅशनल गार्डच्या एका रात्रीवरचं छोटंसं नाटक चाललं, आणि तिथून जी गाडी सुटली ती १८६१ च्या फेब्रुवारीत हा माणूस मरेपर्यंत थांबली नाही. एकूण चारशेच्या वर कृती. मेल्यावर त्याचे समग्र ग्रंथ छापले तर १८७४ ते १८८५ अशी अकरा वर्षं ते काम चाललं आणि ७६ खंड झाले. आता बोला, आमच्या झाडीपट्टीतला कोणता भाऊ इतकं पाडून राहिला?

कसं लिहायचा ते बघा. १८२० मध्ये पॅरिसमध्ये जिमनाझ नावाचं नवीन थेटर उघडलं. स्क्रीबचाच जुना जोडीदार देलेस्त्र-प्वार्सों ते चालवायचा, आणि त्याने स्क्रीबला कराराने बांधून घेतलं. पुढच्या दहा वर्षांत स्क्रीबने या एका थेटरासाठी शंभराच्या वर छोटी नाटकं लिहिली. या प्रकाराला ते वॉदविल म्हणत, मध्ये गप्पा मध्ये गाणं, आणि गाण्यांना नव्या चाली नसायच्या, लोकांच्या ओठावरच्या जुन्या चाली घ्यायच्या आणि नवीन शब्द बसवायचे. आपल्या जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडा, पदाच्या डोक्यावर छापलेलं असते ना, चाल अमुक अमुक, तसंच हुबेहूब. प्रेक्षक कोण तर दुकानदार, बँकवाले, वकील, पेन्शनर फौजी, त्यांच्या बायका. त्यांच्याच घरातल्या गोष्टी: लग्न कोणाशी लावायचं, हुंडा किती, पोरगी कोणावर मरते, बापाला कोण पसंत. नंतर राजघराण्यातल्या बेरीच्या डचेसने आश्रय दिला म्हणून थेटराचं नाव काही वर्षं मादामचं थेटर असं झालं, पण माल तोच.

एकटा नाही लिहायचा. जोडीदार डझनावारी, मेलेस्विल, बायार, द्यूपँ, शाळेतला दोस्त जेर्मेन देलाविन्य, उतारवयात लगूव्हे. कोणी गोष्ट आणायचा, कोणी संवाद, कोणी गाणी, आणि सांगाडा बहुतेक वेळा स्क्रीबचा. याच्यावरून तेव्हाच्या पॅरिसमध्ये त्याच्यावर जबर टीका झाली, कारखाना म्हटलं, धंदा म्हटलं. पण त्याने जोडीदारांची नावं लपवली नाहीत, नाटकावर त्यांची नावं आपल्या नावासोबत छापायचा, आणि पैशात वाटा द्यायचा. हे मुद्दाम सांगून राहिलो, कारण पुढे याच्यावरच यायचं आहे मला.

भाषा त्याची काही ग्रेट नव्हती, हे पण कबूल करून टाकतो, नाहीतर लेखक महाशय म्हणतील की बघा आंधळा भक्त. कवी लोक त्याच्यावर खार खाऊन होते, गोतिए तर हात धुऊन मागे लागला होता. १८२१ च्या त्याच्या एका नाटकातली ओळ आहे की म्हातारा शिपाई सोसणं जाणतो आणि गप्प राहणं जाणतो, कुरकुर न करता. आता गप्प राहिला तर कुरकुर करणार कशी! पॅरिसवाले या ओळीवर पिढ्यानपिढ्या हसले. आणि अकॅडमीचा किस्सा तर त्याहून भारी आहे. फ्रेंच अकॅडमीने, म्हणजे तिकडच्या चाळीस अमर लोकांच्या क्लबने, त्याला १८३४ मध्ये निवडून घेतलं, आणि १८३६ मध्ये त्याने तिथे भाषण दिलं. भाषणाचा मुद्दा चांगला होता की नाटक म्हणजे समाजाचा आरसा बिरसा काही नाही, लोक दिवसभर खरं आयुष्य बघून कंटाळलेले असतात, थेटरात ते त्याच्या उलटं बघायला येतात, आणि काळाचा खरा इतिहास पाहायचा तर गाण्यांमध्ये पाहा. आता याच्या पुराव्याला त्याने विचारलं की जुन्या फ्रेंच नाटककार मोलिएरच्या नाटकात चौदाव्या लुईच्या काळातल्या मोठ्या घटना सापडतात का, प्रोटेस्टंटांना धर्माची मोकळीक देणारा नाँतचा आदेश रद्द झाला त्याबद्दल मोलिएर एक शब्द तरी बोलतो का? बोलेल कुठून बिचारा, मोलिएर वारला १६७३ मध्ये आणि आदेश रद्द झाला १६८५ मध्ये! तेही अकॅडमीच्या सभागृहात, त्या सगळ्या विद्वानांसमोर.

पण भाषा साधी होती म्हणून माणूस साधा नव्हता. त्याचं डोकं गोष्टीच्या जोडणीत होतं. प्रेक्षकाला माहीत आहे आणि पात्राला माहीत नाही अशी एक गोष्ट पहिल्या अंकात पेरायची, मग ती गोष्ट कळते कळते म्हणता म्हणता हुकवायची, एकदा याची सरशी एकदा त्याची, आणि शेवटी सगळे एकमेकांसमोर आले पाहिजेत अशा एका प्रवेशाकडे सगळा गाडा ढकलत न्यायचा, तो प्रवेश प्रेक्षक मघापासून मागत असतो आणि तो नाही दिला तर खुर्च्या मोडतील. फ्रेंच टीकाकार सार्सीने पुढे त्या प्रवेशाला नावच दिलं, करायलाच हवा असा प्रवेश. आणि या सगळ्या बांधणीला तिकडे सुरचित नाटक म्हणू लागले. आधी कौतुकाने म्हणायचे, मग शिवी म्हणून.

उदाहरण द्यावं लागेल नाहीतर हे सगळं हवेतच राहील. १८४० चं त्याचं नाटक आहे, पाण्याचा पेला. इंग्लंडची ॲन राणी, तिच्या दरबारात मार्लबरोची डचेस सगळ्यांना नाचवते, नवरा तिकडे फ्रान्सशी लढाई करतो. विरोधी पक्षाचा बोलिंगब्रोक, त्याला लढाई थांबवायची आहे आणि सत्ता पाहिजे. आणि मॅशम नावाचा एक साधा तरुण अधिकारी, दिसायला बरा, त्याच्यावर राणीचा जीव, डचेसचा पण जीव, आणि ॲबिगेल नावाच्या गरीब पोरीचा पण जीव, त्याचा स्वतःचा मात्र फक्त ॲबिगेलवर. राणी आणि डचेस यांना एकमेकींचं माहीत नाही, प्रेक्षकाला सगळं माहीत. आता राणीला मॅशमला गुपचूप भेटायचं आहे, तर खूण अशी ठरते की भर दरबारात राणी त्याच्याकडे पाण्याचा पेला मागेल, मागितला म्हणजे भेट पक्की. बोलिंगब्रोकला हे कळते आणि तो डचेसला एवढंच सांगतो की तुझी एक सवत आहे, ती कोण ते ओळखायचं तर बघत राहा, आज दरबारात मॅशमकडे कोण पाणी मागते. आता दरबार भरलाय, सगळे बसलेत, गप्पा चालल्यात, डचेस एकेका बाईकडे डोळे लावून आहे, आणि राणी सहज म्हणते की बाई फार उकडते, जरा पाणी. बस. एवढंच वाक्य. ते वाक्य साधंच पाहिजे, त्यात काव्य आलं असतं तर सगळा घोळ झाला असता. डचेसच्या हातून पेला राणीच्या कपड्यांवर सांडतो, दोघी भर दरबारात एकमेकींवर येतात, डचेसचं आसन हलते, आणि शेवटी मार्लबरोला लढाईवरून परत बोलावतात, बोलिंगब्रोक मंत्री होतो, युरोपात शांतता. खऱ्या इतिहासात हे असं घडलं नाही, राजकारणाची कारणं वेगळी होती, पण थेटरात बसलेल्या माणसाला त्या दोन मिनिटांत श्वास घ्यायची सोय नसते. हे मशीन आहे म्हणता? असेल. बनवून दाखवा.

आता गाण्याकडे येतो, कारण स्क्रीबचा अर्धा धंदा तिकडेच होता. ऑपेरा आणि ऑपेरा-कोमिक मिळून शंभराच्या आसपास संहिता त्याने लिहिल्या, ऑपेरा-कोमिक म्हणजे ज्यात मध्ये साधं बोलणं असते तो प्रकार, आपल्या संगीत नाटकाच्या जवळचा. त्या काळी पॅरिसमध्ये मोठा संगीतकार म्हटला की तो स्क्रीबच्या दारात उभा. ब्वाल्द्यूसाठी १८२५ मध्ये पांढऱ्या वस्त्रातली बाई लिहिली, वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांमधून उचलून, ती इतकी चालली की १८६२ मध्ये तिचा हजारावा प्रयोग झाला. ओबेरसाठी तर डझनांनी लिहिल्या. मायरबेअरसाठी १८३१ मध्ये सैतान रॉबर्ट, ज्यात मेलेल्या नन्स थडग्यातून उठून नाचतात, मग १८३६ मध्ये ह्युगनॉट्स, १५७२ च्या प्रोटेस्टंटांच्या त्या भयंकर कत्तलीवर, मग १८४९ मध्ये प्रेषित. आलेवीसाठी १८३५ मध्ये ज्यू मुलगी. तिच्या शेवटाबद्दल सांगतो आणि तुम्हीच ठरवा झाडीपट्टीतल्या तिसऱ्या अंकापेक्षा हे काय वेगळं आहे ते: ज्यू सोनार एलेआझार आणि त्याची मुलगी दोघांना उकळत्या कढईत टाकायची शिक्षा झालेली, शिक्षा देणारा कार्डिनल, म्हणजे चर्चचा बडा धर्मगुरू, त्याची स्वतःची लहानपणी हरवलेली पोरगी कुठे आहे हे एकट्या सोनाराला माहीत, कार्डिनल विचारतो सांग माझी मुलगी कुठे, आणि ज्या क्षणी पोरीला कढईत टाकतात त्या क्षणी सोनार बोट दाखवून सांगतो, ती बघ तिथे. पडदा. हे पॅरिसच्या सगळ्यात मोठ्या सरकारी ऑपेरात, झुंबराखाली, मखमलीच्या खुर्च्यांवर बसून सुशिक्षित लोकांनी पाहिलं आणि वर्षानुवर्षं पाहिलं. आमच्याकडे ब्रह्मपुरीच्या बाजूला थंडीत गोधडी घेऊन बसलेल्या बायांनी अशाच शेवटाला डोळे पुसले की तो भडकपणा होतो!

अजून एक. १८२८ ची पोर्तिचीची मुकी मुलगी, संगीत ओबेरचं, शब्द स्क्रीब आणि देलाविन्यचे. ऑपेराची नायिका मुकी! जिथे सगळेच गातात तिथे जिच्यावर अन्याय झाला ती एकटी गाऊ शकत नाही, तिचं काम नर्तकी करते, नुसत्या हातवाऱ्यांनी, आणि तिचा कोळी भाऊ मासानिएल्लो नेपल्समध्ये परक्या सत्तेविरुद्ध बंड उभं करतो, शेवटी मागे व्हेसुव्हियस ज्वालामुखी पेटतो. १८३० च्या २५ ऑगस्टला ब्रुसेल्समध्ये याचा प्रयोग होता, तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या हॉलंडच्या राजाच्या वाढदिवसाच्या समारंभानिमित्त, आणि त्यातलं मातृभूमीच्या पवित्र प्रेमाचं द्वंद्वगीत झालं तसं लोक पेटले, थेटरातून बाहेर पडून रस्त्यावर उतरले आणि दंगल सुरू झाली, त्यातूनच पुढे बेल्जियम वेगळा देश झाला. एकट्या ऑपेराने देश होत नाही, लोक आधीच तापलेले होते हे मान्य, पण ठिणगी तिथे पडली हे इतिहासाच्या पुस्तकात लिहिलेलं आहे. साहित्य म्हणून गौरवलेली त्या काळातली किती नाटकं आहेत हो ज्यांच्या नावावर एक राष्ट्र लागलं?

आता लेखक महाशय म्हणतील की ठीक आहे, पण आज कोण विचारते स्क्रीबला. खरं आहे, नाव गेलं. पॅरिसच्या मोठ्या ऑपेराच्या बाजूच्या रस्त्याला त्याचं नाव आहे तेवढंच काय ते. पण माल राहिला बाप्पा. दोनिझेत्तीचा प्रेमाच्या औषधावरचा १८३२ चा ऑपेरा जगभर अजून चालतो, गोष्ट स्क्रीबची, त्याने वर्षभर आधीच ओबेरसाठी लिहिलेली. व्हर्दीचा १८५९ चा मुखवट्यांचा नाच, ज्यात नाचात खून होतो, त्याच्या मुळाशी स्क्रीबची १८३३ ची संहिता. बेल्लिनीची झोपेत चालणारी मुलगी, ती स्क्रीबने बॅलेसाठी लिहिलेल्या गोष्टीवरून. राशेल या तेव्हाच्या सगळ्यात मोठ्या नटीसाठी त्याने लगूव्हेसोबत १८४९ मध्ये जे नाटक लिहिलं त्याच्यावरून चिलेआने १९०२ मध्ये ऑपेरा केला. आणि नॉर्वेचा इब्सेन! ज्याचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे नाटकाचा परिसंवाद सुरू होत नाही, तो इब्सेन तरुणपणी १८५१ पासून बर्गेनच्या थेटरात नोकरीला होता आणि तिथे स्क्रीबची नाटकं एकामागून एक लागायची, बसवायला हाच. त्याला ती आवडायची नाहीत, पण हात बसला तो तिथेच. त्याच्या बाहुलीचं घर नाटकात नोराच्या घरी पत्रांच्या पेटीत तिचं गुपित फोडणारं पत्र पडून असते, किल्ली नवऱ्याकडे, आपल्याला माहीत आत काय आहे, नवऱ्याला माहीत नाही, आणि ती बाई त्याला पेटीपासून लांब ठेवायला वेड्यासारखी नाचते, ही युक्ती कोणाची? पेला गेला आणि पत्र आलं इतकंच. फरक असा की इब्सेनने त्याच्यानंतर दोघांना टेबलाशी बसवून बोलायला लावलं, आणि ते बोलणं स्क्रीबला जमलं नसतं, सुचलंही नसतं. तिथे इब्सेन मोठा, वादच नाही. आमच्या मराठीत १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने नॉर्वेच्याच ब्यर्नसनच्या नाटकावरून आंधळ्यांची शाळा केलं आणि तिथून आपली नवीन रंगभूमी सुरू झाली असं आपण शिकवतो, तर त्या नॉर्वेवाल्यांची तालीम कोणाच्या नाटकांवर झाली हे पण सांगायला काय हरकत आहे?

कारखान्याचा तोटा पण होता, तो लपवत नाही. व्हर्दीला पॅरिसमध्ये ऑपेरा लिहून पाहिजे होता तर स्क्रीबने आणि त्याच्या जोडीदाराने दोनिझेत्तीसाठी लिहून पडून राहिलेली जुनी संहिता काढली, नेदरलँड्सची गोष्ट सिसिलीत नेली, नावं बदलली, झालं. तो १८५५ चा सिसिलीच्या बंडावरचा ऑपेरा. व्हर्दीचं डोकं सटकलं, त्याने त्या जानेवारीत ऑपेराच्या डायरेक्टरला पत्रच लिहिलं की हा माणूस तालमीला फिरकत नाही, पाचवा अंक दुरुस्त करून देत नाही, मला करारातून मोकळं करा. यात मी व्हर्दीच्या बाजूने आहे. ह्युगनॉट्सच्या वेळी पण मायरबेअरला काही ठिकाणी दुसऱ्या कवीकडून शब्द बदलून घ्यावे लागले होते. घाऊक कामात अशी घाई होते, वडशाला होते, पॅरिसला होत होती.

पण संपादक साहेब, मी हे एवढं लांबण लावलं ते स्क्रीबच्या नाटकांसाठी नाही, त्याच्या हिशेबासाठी. त्याच्या आधी छोट्या थेटरांत काय चालायचं की नाटक एकरकमी विकत घ्यायचं, लेखकाला थोडे पैसे टेकवायचे आणि मग शंभर प्रयोग करा का दोनशे, लेखकाचा संबंध संपला. स्क्रीब म्हणाला असं चालणार नाही, तिकीटविक्रीत टक्केवारी पाहिजे, प्रत्येक प्रयोगाला. तो एवढा चालणारा लेखक होता की थेटरवाल्यांना ऐकावं लागलं. आणि तो एकटाच घेऊन गप्प बसला नाही. बोमार्शे या नाटककाराने १७७७ मध्ये नाटककारांना एकत्र आणायला सुरुवात केली होती, तिचीच पुढे १८२९ मध्ये रीतसर नाटककार-संगीतकारांची सोसायटी झाली, ती उभी करण्यात स्क्रीब पुढे होता. ही सोसायटी आजही आहे, आजही लेखकांचे पैसे गोळा करून देते. एखाद्या लेखकाला पैसे दिले नाहीत तर थेटराला बाकी कोणाचीच नाटकं मिळणार नाहीत, असा तो एकीचा दम होता. त्याच्या नंतरचे जे घासून लिहिणारे, ज्यांना आपण साहित्यिक म्हणतो, ते सगळे त्याने लावून दिलेल्या या टक्केवारीवर जेवले.

तो स्वतः अर्थात श्रीमंत झाला. सेरिकूर नावाच्या गावी इस्टेट घेतली आणि तिथे कोरून घेतलं की हा खेड्यातला निवारा थेटराने मिळवून दिला, येणाऱ्या-जाणाऱ्या बाबा, तुझे आभार, कदाचित हे तुझंच देणं लागतो. मला हे वाचून बरं वाटलं. किती लेखक असं सरळ लिहितील? आपल्याकडे लेखकाने पैशाचं नाव काढलं की लोक असं बघतात जसं देवळात चप्पल घालून आला.

आता आपल्या इकडचं बघा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, धानाची कापणी झाली की दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावची जत्रा सुरू, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू, आणि रात्री नाटक, दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालते. शहरातला प्रेक्षक दोन तासांत मोबाईल काढतो, तिकडचा रात्रभर बसतो, आणि त्याला बसवून ठेवणारा कोण, तर ज्याला तुमच्या पुरवणीत नाटककार म्हणायला जीभ अडखळली तो. २०२३ मध्ये झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, फार आनंद झाला, सगळ्या पेपरात आलं. नटांना मान मिळू लागला. लेखकाचं काय? पोस्टरवर नटीचा फोटो, कॉमेडीवाल्याचा फोटो, कंपनीचं नाव, लेखकाचं नाव शोधायला चष्मा लागते. नागपुरात तरी वेगळं काय आहे, माझीच एक एकांकिका एका हौशी संस्थेने गावोगाव केली, संस्थेचं नाव घेत नाही, बॅनरवर दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, अगदी चहावाल्याचे आभार पण होते, लेखक मात्र गायब, विचारलं तर म्हणे जागा नव्हती. आणि हे त्या नागपुरात, जिथे कट्यार काळजात घुसली वाल्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी नाटक लिहिलं, पदं लिहिली, बसवलं पण, आणि आजही आपण त्यांच्या नावाने कॉलर टाईट करतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की घाऊक लिहितो म्हणून कोणाला हलकं ठरवायच्या आधी तुमच्या पेपरने जरा वडशाला माणूस पाठवून हे विचारावं: नाटकाचे पैसे लेखकाला एकदाच मिळतात का प्रयोगामागे मिळतात, दुसऱ्या कंपनीने नाव बदलून तेच नाटक केलं तर तो काय करू शकतो, दोघांनी मिळून लिहिलं तर दोघांची नावं लागतात का, गाणी लिहिणारा वेगळा असेल तर त्याला काय. याचं उत्तर छापा. मग नाटक भडक आहे का फिकं याच्यावर भांडायला मी पण येतो, सायंटिफिक सभागृहाच्या बाहेर चहा माझ्याकडून. आणि ते होईस्तोवर निदान तुमच्या परीक्षणांत, मग प्रयोग वसंतराव देशपांडे सभागृहातला असो का मंडईतला, लेखकाचं नाव पहिल्या परिच्छेदात येऊ द्या, शेवटच्या ओळीत इतर कलाकारांच्या पंगतीत नको.

पत्र मोठं झालंय याची कल्पना आहे. कापायचं असेल तर माझ्या एकांकिकेचं कापा, अकॅडमीचा किस्सा पण कापा वाटल्यास, टक्केवारीचा भाग तेवढा राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक आणि त्याहून जुना प्रॉम्प्टर,
धरमपेठ, नागपूर